उजवा कान

हॅलो?… हॅलो, कोण?… हो, मीच. माझ्या फोनवर दुसरं कोण असणार… अगं, जरा मोठ्यानं बोल. इथे वॉर्डात औषधांची ढकलगाडी चाललीय, तिचं एक चाक नुसतं रडतंय… हां, आता येतंय ऐकू.

मी बरी आहे… नाही, जेवले नाही अजून. हे निघाले का डबा घेऊन?… आत्ताच? बरं… हो, चालले सकाळी. म्हणजे उभी राहिले. व्यायामवाल्या बाईंनी वॉकर आणून ठेवलाय समोर, दारापर्यंत जाऊन या म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या… हो, कालही उद्याच म्हटलं होतं. तू नको आता त्यांची बाजू घेऊस.

काय झालंय?… नाही, काहीतरी झालंय. 'आई, तुम्ही कशा आहात' हे तू तिसऱ्यांदा विचारलंस. माझं खुब्याचं हाड मोडलंय, डोकं जाग्यावर आहे. बोल… अगं बोल ना. नमनालाच घडाभर तेल कशाला?

काय चिकटलं?

थांब, थांब. आधी रडायची थांब. रडणं आणि बोलणं एकदम केलंस की मला दोन्ही कळत नाही. नाक पूस… त्या फडक्याला नको, सिलिकॉनचं असेल ते. बाहीला पूस, मी काही बघत नाहीये… हां.

आता पहिल्यापासून सांग. परवा साच्याचा पहिला अर्धा ओतलास, चेहऱ्याची बाजू… गुलाबी. तो जमला. पेटीच्या फळ्या गळल्या नाहीत ना कुठे?… वा. मग काल पेटी उलटी केलीस, खाली लिंपलेली माती काढलीस… दोन अर्धे जुळवायचे कडेचे खळगे नीट उमटले होते?… छान. मग दुसरा अर्धा, निळा रंग चिमूटभर घालून… शाबास, ऐकतेस तू माझं… आणि मध्ये?

मध्ये गं. पहिला अर्धा आणि दुसरा अर्धा, ह्यांच्या मध्ये काय लावायचं असतं?

नाही लावलंस.

व्हॅसलीनची डबी शेजारी उघडी होती, ब्रशही काढून ठेवला होतास, आणि लावलं नाहीस… फोन आला? मग फोनवाल्याला सांगायचं ना, हात कामात आहेत म्हणून. होता तरी कोण एवढा महत्त्वाचा?… 

मी?

अगं हो. काल संध्याकाळी… माझी पेन्सिल कुठे ठेवलीस म्हणून विचारायला केला होता ना मी. शब्दकोडं अर्धं राहिलं होतं. आणि सापडली कुठे, तर माझ्याच अंबाड्यात. मग त्यावर किती वेळ बोललो आपण… हो, ते परिचारिकेच्या लग्नाचंही सांगितलं मी तुला, सगळं, मुलाच्या नोकरीसकट… बरं. म्हणजे चोर सापडला. तू नको माफी मागूस… नाही म्हटलं ना. विषय संपला.

पण चिकटलं असणारच गं. सिलिकॉनचं तसंच आहे. लाकडाला चिकटत नाही, मातीला चिकटत नाही, सगळ्या जगाला सोडतं, आपल्या भावकीला तेवढं धरून बसतं. सुकलेल्यावर ओलं ओतलं की झालं एकजीव… हो, माझ्या देखत तू दहा वेळा लावलंयस व्हॅसलीन. मला ठाऊक आहे तुला येतं. एकदा चुकलं म्हणून येत नाही असं होत नाही.

मग आता काय केलंयस त्याचं?… ओढून बघितलंस. बरं. मग?… काय घातलंस?… स्क्रू ड्रायव्हर? कुठे?… किती आत गेला?… काढ तो. काढलास? लांब ठेव. टेबलावर नको, त्या पलीकडच्या खोलीत नेऊन ठेव… अगं, आतलं डोकं साध्या मेणमातीचं आहे. बाहेरून जोर केलास की आत नाक बसलंच म्हणून समज. गळ्यापाशी कापायला गेलीस आणि गाल फुटला तर—

नाही हो मावशी. काही नाही… कुणाचं डोकं फोडलेलं नाही. माझी सून आहे, गरीब आहे बिचारी… बाहुलीचं डोकं. आम्ही बाहुल्यांची डोकी करतो, नाटकातल्या. हातात घालून नाचवतात ना, त्या. आमचे हे मातीत घडवतात, मग मी त्यावर रबरासारखं सिलिकॉन ओतून साचा काढते. साच्यात मग हवी तितकी डोकी ओतायची, हलकी, पोकळ… हो, पोटापाण्याचा धंदाच आहे. आता मी पडलेय ना, म्हणून हिच्या गळ्यात पडलंय… 

हॅलो, हां. शेजारच्या पलंगावरच्या मावशी. घाबरल्या बिचाऱ्या, भिंतीकडे सरकून बसल्यात.

ह्यांना कळलंय का?… विचारलं नाही त्यांनी? म्हणजे विचारलं… तू काय म्हणालीस?… 'अजून जरा घट्ट व्हायचंय.' बरं सुचलं तुला. आणि चिरंजीव कुठे आहेत आमचे?… हो, तो बरा बाहेरच. त्याला विचारशील तर करवत आणेल.

माहीत आहे मला. ऐक… ऐक ना… हो, ह्यांच्या हातून पुन्हा होणार नाही ते. मी रोज बघत होते ना. चहाचा कप उचलला की बशी वाजते. हातोडी धरतील, पण डोळ्याच्या पापणीची कड काढायची म्हणजे उजव्या हाताचं मनगट डाव्या हातानं धरून काढतात हल्ली. मी बघितलं की दोन्ही हात खाली घेतात… हे शेवटचं म्हणाले? तुला म्हणाले?… मला नाही. मला ते काही म्हणत नाहीत. तोंडातून शब्द निघायला मुहूर्त लागतो त्यांना. इथे येतात, डबा उघडून देतात आणि बसतात नुसते बघत. आणि बसतात कुठे, तर डाव्या बाजूला. तिकडे भिंत आहे, सलाइनचा स्टँड आहे, गुडघे पोटाशी घेऊन बसावं लागतं. उजवीकडे चांगली ऐसपैस खुर्ची आहे, खिडकी आहे. मी म्हटलंसुद्धा, अहो, इकडे बसा उजेडात. तर, 'इथे बरं आहे.' झालं, दिवसाचं बोलणं संपलं… हो, घरी कामाच्या टेबलाशीही माझ्या डावीकडेच असतात. असेल सवय.

ते जाऊ दे. हातपाय गाळू नकोस. आता तो ठोकळा आहे कुठे?

फ्रीजमध्ये? कुणी सांगितलं?… गार झाला की आपोआप सुटेल असं वाटलं. सकाळपासून आहे?… बर्फाच्या कप्प्यात? मावला कसा?… मटार कुठे गेले मग?… बादलीत.

हसत नाहीये मी. अगं, सिलिकॉनला थंडीवाऱ्याचं काही नाही, ते काही सुटायचं नाही त्यानं. पण मेणमाती गारठली की दगड होते. म्हणजे ते डोकं आता इकडेतिकडे लागलं तरी चेपणार नाही… खरंच सांगतेय. घाबरून केलंस पण नेमकं केलंस. आता काढू नकोस एवढ्यात, मी सांगेन तेव्हा काढ. आधी नवीन ब्लेड घे कटरला. आणि डाव्या हातात तो जाड मोजा घाल… घाल गं, एक बाई आहे दवाखान्यात तेवढी पुरे.

आता नीट ऐक. दोन भागांचा साचा होता, तो झाला एक. मग आपण त्याला एकच म्हणायचं. पुढची चेहऱ्याची बाजू आहे तशी अख्खी ठेवायची, हात लावायचा नाही. मागून एक चीर घ्यायची, मानेपासून टाळूपर्यंत. शेंग उघडतो तसं उघडायचं आणि दाणा बाहेर… हो, करतात की. मुद्दाम करतात असे साचे. कुणी विचारलं तर आपणही मुद्दामच केलाय.

फक्त चीर कुठून घ्यायची, ते आत काय आहे त्यावर. आणि मी ते डोकं बघितलेलंच नाही. मी स्टुलावरून पडले तेव्हा काठीवर नुसता गोळा होता मातीचा. तेव्हा आता तू माझे डोळे. मी विचारते तेवढं सांग.

कजाग म्हातारी आहे, ते ठाऊक आहे मला. नाटकवाल्यांनी माझ्यासमोरच तर सांगितलं. सुनेला छळणारी, शेजारणींशी भांडणारी, नाक पोपटासारखं पुढे आलेलं. ते नाकच आतल्या आत अडकेल म्हणून विचारते. किती पुढे आलंय?

बसकं?… पोपटासारखं नाही? बरं, बसकं असेल तर चांगलंच. लवकर सुटेल… हनुवटी? ती तरी पुढे असेल… गोल. आणि तिच्याखाली आणखी एक. हं, खातीपिती म्हातारी केलेली दिसतेय… हसलीस का? आत्ता तर रडत होतीस.

तोंड?… किंचित उघडं. काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखं… बरोबर आहे, कजाग बाई तोंड मिटून बसेल कशाला… पुन्हा हसलीस. तुला ताप वगैरे आहे का?

कान सांग मला. कान फार महत्त्वाचे, कानाच्या पाठीमागे सिलिकॉन जाऊन बसतं आणि मग ओढताना कानच हातात येतो. डावा कसा आहे?… पाळी लांब, भोक ओघळलेलं. म्हणजे डोक्यापासून सुटा आहे चांगला. तिकडून नको मग. उजवा?

गोळा? गोळा म्हणजे काय?… नुसता अंगठ्यानं दाबून ठेवलाय? कानच केला नाही? अगं, कसं शक्य आहे. ह्यांनी जन्मात कान अर्धा सोडलेला नाही. उंदराचं डोकं करायचं होतं तेव्हा दुकानातल्या पिंजऱ्यासमोर जाऊन बसायचे रोज, त्याचे कान बघायला. शेवटी दुकानदारानं तो उंदीर फुकट दिला, पण तुम्ही उठा म्हणाला. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मातीला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम… तू विचारलंस त्यांना? मग?… 'उजवा राहू दे. तो मला दिसत नाही.'

दिसत नाही?… म्हणजे नजरही गेली की काय आता. मला बोलायला नको? ह्या घरात मला कुणी काही सांगत नाही… बरं, बरं. ते मी बघते त्यांच्याकडे, येऊ देत. आपल्या कामाला तर बरंच झालं. उजवीकडे अडकायला काहीच नाही. मग चीर उजव्या कानामागूनच घेऊ.

आता मागे काय आहे? केस?… अंबाडा. मोठा?… मधोमध आहे का?… डावीकडे घसरलेला. उत्तम, म्हणजे तोही वाटेत येत नाही… आणखी काही आहे का वर आलेलं? नीट आठव, एवढंसं काही असलं तरी तिथे फाटतं.

काडी?… अंबाड्यात खोचलेली. आकडा असेल, केसांचा… चपटी? आइस्क्रीमच्या काडीसारखी?… आणि तिच्या टोकाला काय लागलंय?… ओघळ. वाळलेला ओघळ केलाय मातीचा. काहीतरीच काय, बाहुलीच्या अंबाड्यात ढवळायची काडी कोण खोचेल? नाटकातली म्हातारी कुठे सिलिकॉन ढवळत बसलीय. ढवळायची काडी तर मी—

एक मिनिट हं… काय मावशी?… माझ्या डोक्यात?… हो, पेन्सिल आहे. विसरतेच मी. कायम काहीतरी खोचलेलं असतं तिथे, घरी असले की काडी, इथे आले की…

…

अगं.

हनुवटीवर मस आहे का? डाव्या बाजूला… आहे. आणि त्या मसावर केस?… नाही. बरं. तेवढी तरी दया दाखवली.

…

आहे मी. आहे फोनवर… तुला ठाऊक होतं? कधीपासून?… आणि मला वाटलं, नाक बसकं तर लवकर सुटेल. माझंच नाक आणि मीच म्हणतेय. आणि खातीपिती म्हणे.

थांब, पण. म्हणजे नाटकवाल्यांनी कजाग म्हातारी मागितली, आणि ह्यांनी बसून माझं तोंड केलं? सुनेला छळणारी? तू सांग, मी कधी तुला… येऊ दे त्यांना डबा घेऊन. आज जेवतच नाही मी… काय?… वेगळी आहे? कजाग म्हातारी वेगळी केलीय?… फडताळात ठेवलीय, पोपटाच्या नाकाची. तिचा साचा नंतर करायचा… मग ही कुणी मागितलीय?

कुणीच नाही.

काय म्हणाले ते? जसंच्या तसं सांग, तुझे शब्द घालू नकोस…

'हात आहेत तोवर हिला करून घेतो.'

…

नाही, रडत नाहीये. इथे फिनाइल फार टाकतात फरशीला… मावशी, द्या तो रुमाल, द्या… 

आणि साचा कशाला म्हणाले?… मातीची राहिली तर झिजेल, धूळ बसेल. साचा असला की कितीही काढता येतील. कितीही? एक सांभाळताना ह्यांच्या नाकी नऊ आले, आता डझनावारी काढणार का? घरात ठेवणार कुठे मला एवढी?

म्हणून तू सकाळपासून रडत होतीस. मला वाटलं, एका बाहुलीच्या डोक्यासाठी ही पोर एवढा जीव का टाकतेय… अगं, मी अख्खी आहे इथे. एक खुबा सोडला तर सगळं जिथल्या तिथे आहे… हो. हो गं… मलाही. तुझ्याशिवाय मला तरी घरात कोण आहे बोलायला. बरं, पुरे आता. फ्रीज उघड. मटार बघून घेऊ नंतर, ठोकळा आण टेबलावर. फोन स्पीकरवर टाक आणि डब्याला टेकवून ठेव.

आणलास? मान तुझ्याकडे कर. तिथे काठीचं टोक दिसेल… दिसलं. आता गुलाबी आणि निळ्याचा सांधा दिसतोय ना बाहेरून? म्हणूनच निळा घालायचा असतो. त्या सांध्याच्या मागच्या अंगाला, निळ्यात, उजव्या कानाच्या दोन बोटं पाठीमागे ब्लेड टेकव. सरळ रेघ ओढू नकोस. नागमोडी काप, म्हणजे साचा परत मिटला की दात दातांत बसतील. आणि एकदम खोल नको. एक हात वरून, मग फाकवायचं, मग परत एक हात. टोकाला टणक लागलं की थांबायचं, तिथे मी आहे.

काप तू. मी बोलत राहते, म्हणजे तुला धीर येईल… बरं, मला येईल, तसं म्हण.

एवढ्या वर्षांत माझं काही केलं नव्हतं गं ह्यांनी. राक्षस केले, राजे केले, शेजारच्यांचा बोकड केला एकदा, तो तर बोकडापेक्षा बरा झाला होता. लग्न नवीन होतं तेव्हा मी म्हटलं होतं, माझंही करा की एखादं. बसवलं त्यांनी मला खिडकीपाशी. थोडा वेळ बघितलं, मग माती परत डब्यात टाकली. म्हणाले, 'तू फार हलतेस.' खरंच होतं ते. मी बसल्या जागी एक गोष्ट करत नाही. पुन्हा कधी मी विचारलं नाही, त्यांनीही काढलं नाही… आणि आता बघ. पाय मोडून आडवी पडले, हलता येईना, तेव्हा एकदाची सापडले त्यांना.

आणि मी इथे पडून रागावत होते. म्हणायचे, येतात आणि नुसते बघत बसतात, दोन शब्द बोलत नाहीत. मागच्या आठवड्यात एकदा तर तोंड फिरवून झोपले मी. तर उठून गेले लवकर… हो ना. त्यांना वाटलं असेल, संपला आजचा उजेड.

कुठवर आलीस?… अंबाड्याच्या वर? मग झालं. आता ब्लेड ठेव. बंद करून ठेव. हं… दोन्ही हातांनी चीर फाकव. काय दिसतं?… करडं. माती करडीच असते. ओली नाही ना वाटत? चकचकीत?… कोरडी आहे. देव पावला, सिलिकॉन नीट सुकलंय.

आता डोकं ओढायचं नाही. डोकं जिथे आहे तिथे राहील, साचा त्याच्यावरून मागे घ्यायचा. पायातला मोजा काढतो ना उलटा करत, तसा… उजवी बाजू आधी… सुटली? बघ, म्हटलं नव्हतं, कान नाही तर अडणार काय. आता डावा कान. सावकाश. कानामागे करंगळी घाल आणि सिलिकॉन उचल… आला?… पाळीसकट?… आता कपाळ. मग नाकाशी थांब.

थांबलीस? श्वास घे. मी पण घेते… मावशी, तुम्हीही घ्या… आता खालून वर, हनुवटीकडून. एका दमात, पण हिसका नको.

…

हॅलो?

अगं, बोल काहीतरी… काय तुटलं?… मोठ्यानं सांग, काय तुटलं?

काडी.

काडी ना? नाक आहे?… बोट लावून बघ… आहे. ओठ? मस?… हुश्श. जीव भांड्यात पडला माझा. मावशी, आलं बाहेर, नाकासकट आलं… टाळ्या काय वाजवता, सिस्टर येतील.

रडू नकोस आता परत. काडीचं काय एवढं. ती आत राहिलीय ना साच्यात, चिमट्यानं काढून टाक. तिची जागा मेणमातीनं बुजव. ओतून झालं की अंबाड्याला भोक पाड आणि खरी काडी खोच. माझ्या टेबलावर डब्यात आहेत, माखलेल्या. त्यातलीच एखादी जुनी घे. नवीन कोरी नको हं. कोरी काडी खोचलेली मी कधी दिसलेय का तुला?

आत हात घालून बघ बरं साच्यात. चेहरा उमटलाय सगळा?… आठ्या?… सगळ्या? एकही गाळलेली नाही?… नेमच आहे त्यांचा, जे दिसतं ते करायचं. ओठांच्या कडेला काय?… हसतेय? मी?… कधी बघितलं त्यांनी मला हसताना. त्यांच्यावर तर मी चिडलेलीच असते… तुझ्याशी फोनवर बोलताना. ते समोर असताना तुझा फोन आला होता मागच्या आठवड्यात, हो… हो, असेल. तेव्हाचं असेल.

बरं. आता साचा पेटीत घाल परत, चीर आपोआप मिटेल. ओतायची घाई नको, उद्या ओत. मी सांगेन फोनवरून… नाही, तू फोन कर मला. मी नाही करणार तू कामात असताना. कानाला खडा.

ह्यांना काय सांगायचं? काही नाही. विचारलं तर म्हण, आईंनी एकाच तुकड्याचा करायला सांगितला… खोटं कसं? आत्ताच नाही का सांगितला मी तुला. व्हॅसलीनचं आपल्या दोघींत. मावशींना कळलंय, पण त्या कुठे जातायत सांगायला, त्यांचाही पाय प्लॅस्टरमध्ये आहे.

अगं, आले वाटतं… हो, दारात आहेत. डबा दोन्ही हातांनी धरलाय. आणि नखांत माती. रोज असते, मी रोज म्हणायची, अहो, दवाखान्यात येताना तरी हात धुऊन या… 

या. किती उशीर… नाही, भूक नाही लागली एवढी. डबा द्या इकडे आधी, सांडेल… अहो, तिकडे कुठे निघालात? स्टँड कशाला ओलांडताय? तिकडे नाही. इकडे या, उजव्या बाजूला… इथे, खुर्चीत बसा. उजेड आहे चांगला… काही झालेलं नाही. सूनबाईशी बोलत होते.

हा कान राहिलाय ना तुमचा?… मग बघून घ्या नीट. जेवण मग जेवू, दारापर्यंतही मग जाऊ, दोघं. मी हलत नाही.

…

ए, तू अजून ऐकतेयस? ठेव गं फोन.